आमच्या मशीनमध्ये वाजले किती?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये आत शिरायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. सकाळी दोनतीन जोड दिसायचे, दुपारपर्यंत जिन्यावर ढीग. तो ढीग कोणी जमवला, असं विचारलं तर काय सांगणार? किस्स्यांचंही तसंच झालं. आता जुन्या मंडळींपैकी दोघं कुठं भेटली, की एक जण म्हणतो, "ते संत्र्याच्या ट्रकचं आठवते का?" आणि मग कपातला चहा थंड होतो.

आमचे बहुतेक किस्से घड्याळाचे. याचं कारण असं, की आमच्या मशीनना वेळ कळत नव्हती.

सेंटर नागपूरच्या रामदासपेठेत, दवाखान्यांच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वर्षं म्हणाल तर ऐंशीच्या दशकातली मधली. मालक देवतळे साहेब. त्यांनी चांगली सरकारी नोकरी सोडून हा उद्योग काढला होता, त्यामुळे त्यांचे सासरे त्यांच्याशी बोलत नसत. कुहीचा वासुदेव ठवकर आमचा प्रोग्रामर. घरी धानाची शेती, गावातला पहिला इंजिनिअर. द्वारकाबाई सगळ्यांत सीनियर ऑपरेटर. आधी कोर्टात टायपिस्ट होत्या, हात भराभर चालायचा आणि जीभ त्याच्याही पुढे. आणि मी, सुनंदा. आमच्या घरी हातमाग. टायपिंगची परीक्षा पास झाले आणि मागाच्या खटखटीतून उठून इथल्या खटखटीत येऊन बसले.

* * *

तेव्हाच्या छोट्या मशीनमध्ये घड्याळ नसायचंच. रोज सकाळी बटण दाबलं, की ते आधी विचारायचं, आज तारीख काय? मग विचारायचं, वाजले किती? तुम्ही सांगाल ते ते खरं मानायचं. काहीच न सांगता नुसतं एंटर दाबलं, तर स्वतःच्या मनाने एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी धरून चालायचं.

सुरुवातीला आम्ही सगळे एंटर दाबत होतो. सकाळी सकाळी मशीनशी कोण गप्पा मारत बसणार?

वाडीचे एक ट्रान्सपोर्टवाले होते, खापरे म्हणून. अमरावती रोडवर त्यांचं मोठं गोडाऊन. त्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्या, आम्ही छापून द्यायचो. एक दिवस ते एसीच्या खोलीत चपलांसकट शिरले. हातात बिल्टी.

"साहेब, कानपूरले संत्र्याची गाडी पाठवली होती. मंडीच्या मुनिमानं फाटकावरच अडवली. म्हणते, कागदावर माल ऐंशी सालचा हाय, आत घेत नाही."

साहेबांनी बिल्टी पाहिली. एक जानेवारी ऐंशी. मागच्या बिल्ट्या काढल्या. सगळ्या एक जानेवारी ऐंशीच्या. आमच्या हिशेबानं खापरेंच्या सगळ्या गाड्या एकाच दिवशी नागपूरहून निघाल्या होत्या.

साहेबांचा चेहरा उतरला. सेंटर नवीन होतं. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं असतं तर सासरे जिंकले असते.

"मग? माल परत आला?" त्यांनी विचारलं.

"नाही नं. आमचा ड्रायव्हर हुशार. त्यानं मागची ताडपत्री काढली, एक संत्र सोललं अन् मुनिमाच्या हातात ठेवलं. त्यानं खाल्लं. दुसरं मागितलं. मंग गाडी आत घेतली."

"मग तुम्ही रागावले कशाला?"

खापरेंनी बिल्टी उलटी केली. मागे मुनिमाने सही करून हिंदीत शेरा मारला होता, 'माल पाँच साल पुराना. हालत बहुत अच्छी.'

* * *

त्या दिवसापासून साहेबांचा हुकूम निघाला, की तारीख आणि वेळ रोज टाइप झालीच पाहिजे. आम्ही टाइप करायला लागलो. पण मशीन अमेरिकेचं. त्याला आधी महिना सांगायचा, मग दिवस. आपण आधी दिवस सांगतो. तेरा तारखेपासून मशीन तक्रार करायचं, कारण तेरावा महिना नसतो हे त्याला ठाऊक होतं. पण महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना आपण कितीही उलटं सांगा, ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचं.

समोरच्या प्रसूतिगृहाची कार्डं आमच्याकडे छापली जायची. बाळंतीण घरी जाताना तिच्या हातात कार्ड. आईचं नाव, बाळाचं वजन, जन्मतारीख.

जुलै महिन्यात कुहीकडचा एक शेतकरी कार्ड घेऊन जिना चढून आला. नाव रामकृष्ण. दाराबाहेर चपला काढल्या, टोपी काढली, आणि वासुदेव आपल्याकडचा आहे हे बोलण्यावरून ओळखून त्याच्याजवळच जाऊन उभा राहिला.

"भाऊ, हे पाय गा जरासं. ग्रामपंचायतीत पोरीची नोंद करायले गेलो, तं सेक्रेटरी म्हणते, याच्यावर तारीख सहा ऑगस्ट हाय. जन्माच्या आधी नोंद कशी करू?"

वासुदेवने कार्ड पाहिलं. मुलगी जन्मली होती आठ जूनला. आठ-सहा असं टाइप झालं आणि मशीनने आठवा महिना, सहावा दिवस असं वाचलं.

"म्हणजे या कागदानं माही पोरगी अजून जन्माले याची हाय," रामकृष्ण म्हणाला. "मंग रातभर घरी रडून कोण राहिली?"

द्वारकाबाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. पण वासुदेव हसला नाही. त्याने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तिथल्या तिथे कार्ड नवीन काढून दिलं. रामकृष्ण म्हणाला, "लग्नाले अकरा सालं झाल्यावर झाली गा हे. म्हणून कागद चोख पाहिजे." तो गेल्यावर वासुदेवने प्रोग्राम बदलला. आता महिना आकड्यात नाही, अक्षरात लिहायचा. पुन्हा तशी चूक झाली नाही.

पुढच्या महिन्यात रामकृष्ण परत आला. आम्हाला वाटलं, आता काय राहिलं? त्याने टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

द्वारकाबाई म्हणाल्या, "मुलगी झाली की बर्फी वाटतात, भाऊ. पेढे मुलाचे. आणि जूनची मुलगी, आता कशाचे?"

"आमच्या घरी पोरीचेच पेढे. जूनचे गावात वाटले," तो म्हणाला. "हे तुमचे. आज सहा ऑगस्ट हाय नं? तुमच्या मशीनमधी ते आज जन्मली."

* * *

या दोन प्रकरणांनंतर साहेबांनी घड्याळाचं काम वासुदेवकडेच सोपवलं. तो एक छोटा रेडिओ घेऊन आला. सकाळच्या बातम्यांआधी जे टोले पडतात, ते ऐकायचे आणि प्रत्येक मशीनला वेळ सांगायची. तो सुट्टीवर गेला तरच आमच्यापैकी कोणी ते करायचं.

गावी गेला की त्याची आई विचारायची, "तू तिथं करतं काय गा दिवसभर?" प्रोग्रामिंग म्हणजे काय, ते आईला समजावता समजावता तो थकला. एकदा वैतागून म्हणाला, "सकाळी मशीनची घडी बरोबर लावतो, मंग बाकीचं काम."

आईला हे समजलं. तिने ते पुढे सगळ्यांना सांगितलं. पुढे म्हणजे अख्ख्या कुही तालुक्याला. ठवकराचा वासुदेव नागपूरले घड्या बरोबर करते.

त्याच्यासाठी मुलगी पाहायचं चाललं होतं. उमरेडकडचं एक स्थळ आलं. हा, आई आणि मामा मुलीच्या घरी गेले. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, नाव शैला. दोन-चार प्रश्न झाले. मग मुलीचे काका आत गेले आणि भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काढून घेऊन आले. वासुदेवच्या मांडीवर ठेवलं.

"हे जरा पाहून देता का जावईबापू? दिवाळीपासून बंद हाय."

वासुदेव सांगायचा, "मी आईकडे पाहिलं. आई इतक्या अभिमानानं पाहून राहिली होती, की नाही म्हणायची माही हिंमत झाली नाही." त्याने घड्याळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं, कानाला लावलं. शेवटी म्हणाला, "याले नागपूरले न्यावं लागते. पार्ट लागतो."

ते लाकडी घड्याळ मांडीवर घेऊन तो एसटीने नागपूरला आला. सीताबर्डीवरच्या एका घडीसाजाकडे टाकलं. दुरुस्त झालं. परत उमरेडला नेऊन दिलं. घड्याळ टोले द्यायला लागलं आणि होकार आला.

लग्न झालं, साहेबांनी सगळ्यांना टॅक्सी करून नेलं. नंतर शैलावहिनी सेंटर पाहायला आल्या. वासुदेव त्यांना मशीन दाखवत होता, मी आणि द्वारकाबाई चहा करत होतो. त्याने मोठ्या धीराने सांगून टाकलं, की ते घड्याळ मी दुरुस्त केलं नव्हतं. मला घड्याळातलं काही कळत नाही.

"मले पहिल्याच दिवशी मालूम होतं," वहिनी म्हणाल्या.

"कसं काय?"

"तुम्ही ते पाहून राहिले होते नं, तव्हा उलटं धरलं होतं."

"मंग हो काहून म्हटलं?"

"दुसरा कोणी असता तं तिथंच खोलून बसला असता," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नेऊन दुरुस्त करून आणलं."

* * *

मग मोठं मशीन आलं. युनिक्सवालं. एक मशीन आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल, एकाच वेळी चौघांनी काम करायचं. त्याच्या पोटात बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ होतं. साहेबांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "वासुदेव, तुझ्या रेडिओची सुट्टी."

सुट्टी कसली? मशीन सुरू झालं ते अमेरिकेची वेळ घेऊन. आम्ही सकाळी कामावर आलो, तर पडद्यावर आदली रात्र. याला कोणता देश हे सांगावं लागायचं. म्हणजे लंडनच्या किती तास पुढे की मागे, तेवढा आकडा भरायचा. वासुदेवने साडेपाच भरलं. मशीनने घेतलं नाही. त्याला पूर्ण तास हवे होते. पाच चालेल, सहा चालेल. अर्धा तास म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

साहेबांनी मशीन विकणाऱ्या कंपनीला मुंबईला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, "सर, पाच टाका नाहीतर सहा टाका. अर्ध्या तासाने काय फरक पडतो?"

साहेब म्हणाले, "ठीक आहे. मी दिल्लीला कळवतो, तुम्ही देशाचा टाइम अर्धा तास सरकवा, आमच्या मशीनला जमत नाही." आणि फोन ठेवला.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. मशीन स्वतःला अमेरिकेत समजते ना, समजू दे. फक्त तिथली वेळ म्हणून आपली वेळ भरा. आपल्याला आकडा बरोबर दिसला म्हणजे झालं. आणि खरंच, सगळी थंडी सुरळीत गेली.

या मशीनवर साहेबांनी हजेरीही ठेवली होती. आल्यावर आपलं नाव टाइप करायचं, वेळ आपोआप लागायची. उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा.

एप्रिल संपता संपता एका सोमवारी आम्ही नेहमीच्या वेळेला आलो. नावं टाइप केली. आणि दुपारी साहेबांच्या टेबलावर कागद आला, त्यात सगळे एक तास उशिरा. वासुदेवसुद्धा. साहेबसुद्धा.

द्वारकाबाईंची त्या महिन्यात एकच रजा उरली होती आणि ती त्यांनी मुलीच्या परीक्षेसाठी राखून ठेवली होती. त्या कागद घेऊन वासुदेवसमोर उभ्या राहिल्या. "मी नऊलाच आले. खालच्या औषधवाल्याला विचार. तो शटर उघडून राहिला होता."

वासुदेव मॅन्युअल घेऊन बसला. पानामागून पानं. जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी त्याला सापडलं. अमेरिकेत उन्हाळा आला की सगळे लोक आपली घड्याळं एक तास पुढे करतात, उजेडाचा फायदा घ्यायला. आमचं मशीन स्वतःला अमेरिकेत समजत होतं. त्या रविवारी तिकडे सगळ्यांनी घड्याळं पुढे केली, तशी यानंही केली.

साहेबांनी समजून घेतलं. तरी ते म्हणाले, "आता हा कागद मशीनमधून निघाला आहे. बदलायचा कसा, ते—"

द्वारकाबाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "साहेब, अमेरिकेतले लोकं उन्हाळ्यात लवकर उठते, म्हणून माही रजा काहून कापता?"

रजा कापली गेली नाही. वासुदेवने सेटिंगमधला तो उन्हाळ्याचा भाग काढून टाकला. मशीन अमेरिकेतच राहिलं, पण तिथला उन्हाळा बंद झाला. नागपूरचा बंद करता आला असता तर द्वारकाबाईंनी तेही सांगितलं असतं.

* * *

त्याच सोमवारचं आणखी एक. हे आमच्या घरचं.

सकाळी घाईत मी डबा विसरले होते. तो द्यायला माझे बाबा सेंटरमध्ये आले. त्यांची ही पहिलीच खेप. मुलगी कुठे काम करते हे त्यांनी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आयुष्य मागावर गेलेलं. पायाला थंड फरशी लागल्यावर ते क्षणभर थांबले, मग टर्मिनलच्या मागून पुढून बघत राहिले.

"हे टाइम दाखवते काय?" त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं.

"हो बाबा."

"बरोबर?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं. तेव्हा आम्हाला कोणालाच काही कळलं नव्हतं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पडद्याकडे बघून काटे फिरवले, किल्ली दिली आणि पुन्हा बांधलं. तिथून ते इतवारी स्टेशनवर गेले. आत्या उमरेडला राहायची, तिच्याकडे निघाले होते. छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेजने. ती गाडी कायम भरलेली. बाबा नेहमी दाराशी उभे राहून जायचे, आणि त्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागले होते.

संध्याकाळी खरा प्रकार कळल्यावर मला ते घड्याळ आठवलं. बाबा उन्हात एक तास स्टेशनवर बसले असतील. दोन दिवसांनी ते परत आले. मी सगळं सांगितलं. मशीनचं चुकलं, अमेरिकेचा उन्हाळा वगैरे.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तरीच. मी गेलो तं गाडीचा डबा अख्खा खाली. खिडकीपाशी बसलो. उमरेड येईपर्यंत कोणी उठवलं नाही."

मी म्हटलं, "द्या इकडे घड्याळ, मी बरोबर लावून देते."

बाबांनी मनगट मागे घेतलं. "राहू दे वं. मले हाच टाइम पाहिजे."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण सांगितला की लोक पुढचं विचारतात.

त्या काळात कॉम्प्युटरवर पत्रिका काढायची लाट आली होती. साहेबांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण लोक मागत होते आणि मशीन दुपारचं रिकामं असायचं. वासुदेवने प्रोग्राम लिहिला. महाल भागात राहणारे एक वयस्कर जोशीबुवा रोज येऊन तो तपासायचे. तारीख, वेळ, गाव टाकलं की कोणता ग्रह कोणत्या घरात, ते कागदावर उतरायचं.

एक दिवस बुवांनी आपल्या पुतण्याची पत्रिका काढायला लावली. त्यांनी हातानं मांडलेली जुनी पत्रिका सोबत आणली होती. दोन्ही समोर ठेवल्या तर जुळेनात. ग्रह तेच, पण सगळी घरं एका घराने सरकलेली.

वासुदेव म्हणाला, "बुवा, प्रोग्राम तर बरोबर आहे."

बुवांनी पुतण्याचं जन्मवर्ष पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, हा लढाईतला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रज सरकारनं देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती. काही वर्षं तसंच चाललं. नवीन टाइम म्हणायचे त्याला. त्या वर्षांतल्या जन्मवेळेतून एक तास वजा करावा लागतो. मी केला होता. तुझं मशीन कसं करणार? त्याला कोणी सांगितलंच नाही."

"सगळे जोशी करायचे वजा?"

"ज्यांना ठाऊक होतं ते करायचे," बुवा म्हणाले.

वासुदेव प्रोग्राममध्ये ती दुरुस्ती करायला बसला. साहेब दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. ते आत आले आणि हळूच म्हणाले, "वासुदेव, ते झालं की ताईची काढ."

ताई म्हणजे कुमुदताई, साहेबांची मोठी बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नव्हतं. द्वारकाबाई साहेबांच्या शेजारीच राहत, म्हणून आम्हाला थोडं माहीत होतं. कुमुदताई पंचविशीत असताना अमरावतीचं एक स्थळ आलं होतं, कॉलेजात शिकवणारा मुलगा. दोघं एकमेकांना दोन-तीनदा भेटले होते, बोलले होते, सगळं जमत आलं होतं. मग पत्रिका मागितली. आठव्या घरात मंगळ निघाला. मुलाच्या आईने नाही म्हटलं आणि तिथेच संपलं. त्यानंतर कुमुदताईंनी घरात सांगून टाकलं, की माझी पत्रिका आता कोणाला दाखवायची नाही. त्या मुलानेही पुढे लग्न केलं नाही, असं द्वारकाबाई सांगायच्या.

आणि कुमुदताईंचा जन्म लढाईच्या वर्षांतला.

साहेबांनी तारीख सांगितली. वेळही सांगितली, ती त्यांना पाठ होती. दवाखान्यातल्या घड्याळाप्रमाणे टिपलेली. प्रिंटर खरखरला. बुवांनी कागद फाडून घेतला, चष्मा वर केला, मग खाली केला.

"मंगळ नवव्यात आहे," ते म्हणाले. "आठव्यात नाही. या मुलीला मंगळ नव्हताच."

साहेब सरळ फोनकडे गेले. त्यांनी शाळेत फोन करून ताईंना सांगितलं, की घरी जाताना सेंटरवरून जा.

त्या आल्या. हातात खडूचे डाग, खांद्याला पिशवी. साहेबांनी बुवांना बोलायला लावलं, कारण त्यांना स्वतःला ते जमेना. कुमुदताईंनी उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. कागद घेतला, तो आणि साहेबांनी घरून मागवलेली जुनी, अशा दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी धरल्या, आणि गणिताचा पेपर तपासावा तशा वरपासून खालपर्यंत तपासल्या.

"मी मुलींना रोज सांगते," त्या म्हणाल्या, "उदाहरण सोडवायच्या आधी एकक बघा. तास कुठले, मिनिटं कुठली. माझ्या उदाहरणात कोणी बघितलंच नाही."

"ताई," साहेब म्हणाले, "मी हे मंगळबिंगळ मानत नाही. तुला माहीत आहे."

"मी तरी कुठं मानते? त्यांच्या आई मानायच्या." त्यांनी कागदाची घडी केली. "परवा वर्तमानपत्रात वाचलं, त्या गेल्या म्हणून."

आम्ही सगळे टर्मिनलवर बसलो होतो. कोणाचाच हात चालत नव्हता.

"तुझा फोन चालू आहे ना?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी फोन त्यांच्याकडे सरकवला. आमच्या फोनवरून बाहेरगावी सरळ नंबर लागत नसे, ट्रंक कॉल बुक करावा लागे. ताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. एक्सचेंजला अमरावतीच्या एका कॉलेजचा नंबर सांगितला. कुठे न बघता.

"हो, अर्जंट. आणि पी.पी. कॉल करा," त्या म्हणाल्या. म्हणजे त्याच माणसाला बोलवायचं, दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. मग त्यांनी नाव सांगितलं, स्पष्ट, शाळेत हजेरी घेतात तसं. "प्रभाकर देशकर."

द्वारकाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

कॉल यायला वेळ लागला. बुवांनी चहा घेतला. ताईंनी घेतला नाही. घंटी वाजली तेव्हा साहेब उठून बाहेर जायला निघाले, तर ताईंनीच हाताने त्यांना बस म्हणून खुणावलं.

"हॅलो. मी कुमुद देवतळे बोलते. नागपूरहून." मग थोडं थांबून, "हो. तीच."

पलीकडून काही बोलणं झालं. आम्हाला फक्त पुसट आवाज येत होता.

"नाही, तसं काही नाही. सगळे बरे आहेत. आईंचं वाचलं, वाईट वाटलं." पुन्हा थांबल्या. "एक सांगायचं होतं. इतक्या वर्षांनी सांगून काय, असं वाटलं, पण चूक सापडली की सांगावी. दवाखान्यातलं घड्याळ एक तास पुढे होतं. ... हो. जन्माच्या वेळचं. ... नाही, नव्हता. नवव्या घरात आहे."

त्यानंतर त्या नुसत्या ऐकत होत्या. बोटावरचा खडू दुसऱ्या बोटाने पुसत होत्या. मध्येच हसल्या. आम्ही त्यांना हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं नव्हतं पाहिलं.

तेवढ्यात एक्सचेंजची बाई मध्ये आली. तिचा आवाज नेहमीच मोठा, खोलीभर ऐकू आला. "नागपूर, तीन मिनिटं झाली. कॉल बंद करू?"

कुमुदताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही," त्या म्हणाल्या. "वाढवून द्या."